घरच्या कार्यशाळेतील हवा

१. विषयाची ओळख

पावसाळ्यात कोकणातील घरांत पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते, दारे फुगून चौकटीत अडकतात आणि चामड्याच्या वहाणांवर बुरशी चढते. या सर्व घटनांचे कारण एकच आहे : हवेतील डोळ्यांना न दिसणारे पाणी. स्वयंपाकघरात या ओलाव्याने होणारी हानी किरकोळ असते. सादळलेला पापड पुन्हा भाजता येतो. परंतु ज्या घरात सुतारकाम, वाद्यदुरुस्ती, घड्याळदुरुस्ती, लेथवरील काम किंवा पुस्तकबांधणी यांसारखा उद्योग चालतो, तेथे ही हानी भरून येत नाही. गंजलेल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवता येत नाही. वाकलेली फळी सरळ होत नाही. आणि तडकलेल्या वीणेचा नाद पूर्वीसारखा राहत नाही. लहान कारागिराचे सारे भांडवल त्याच्या हत्यारांत आणि साठविलेल्या लाकडात असते. ते टिकविणे हा त्याच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न आहे.

अशा कार्यशाळेची हवा कशी राखावी, केव्हा थंड करावी, केव्हा ऊब द्यावी आणि ओलावा कसा आवरावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, उष्ण प्रदेशात गारवा निर्माण केला म्हणजे सर्व काही साधले. ही समजूत अपुरी आहे. समुद्रकाठच्या उष्ण शहरात नुसत्या गारव्याने हत्यारांचे संरक्षण होत नाही. कित्येकदा उलटाच परिणाम होतो. तो का, हे समजले म्हणजे उपायही आपोआप सुचतात.

२. उदाहरणासाठी निवडलेले स्थळ

विवेचन हवेत तरंगत राहू नये म्हणून आपण चेन्नई शहरातील वेस्ट मांबलम हा भाग उदाहरणादाखल घेऊ. हा भाग उपनगरी रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस आहे. रेल्वेच्या पूर्वेस पूर्वी एक लांबट तळे होते. ते १९२० च्या दशकात हटवून तेथे त्यागरायनगर वसविण्यात आले. वेस्ट मांबलममध्ये अरुंद रस्ते, एकमेकांस लागून असलेली घरे आणि दाट लोकवस्ती आहे. कर्नाटक संगीताची येथे आवड आहे. आर्य गौडा रस्त्यावरील अयोध्या मंडपात रामनवमीच्या सुमारास गायनवादन होते. वीणा, व्हायोलिन आणि मृदंग ही लाकूड, कातडे व सरस यांनी घडलेली वाद्ये येथील घरांत असणे स्वाभाविक आहे, आणि ओलाव्याचा परिणाम जाणून घेण्यास त्यांच्यासारखी दुसरी साधने नाहीत.

हे स्थळ निवडण्यास आणखी एक कारण आहे. मद्रासची वेधशाळा १७९२ साली नुंगमबाक्कम येथे स्थापन झाली. आज त्याच भागात भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. हे ठिकाण वेस्ट मांबलमपासून चार-पाच किलोमीटरच्या आत असल्याने येथील हवामान चांगले ज्ञात आहे. मे महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान ३७° से.च्या आसपास असते. ३१ मे २००३ रोजी ते ४५° से.पर्यंत चढले होते. जानेवारीतही पहाटेचे तापमान सामान्यतः २०° से.च्या फारसे खाली जात नाही. वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. समुद्र सुमारे सहा किलोमीटरवर असल्याने दुपारनंतर खारे वारे वाहतात. ते उकाडा थोडा कमी करतात, पण आपल्याबरोबर बाष्प आणि मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतात.

मुंबई, रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथील वाचकांनी पावसाचे महिने तेवढे बदलून घ्यावेत; बाकीचे विवेचन त्यांनाही लागू पडेल.

३. हवेत पाणी किती मावते ?

हवेत बाष्प सामावून राहण्यास मर्यादा असते, आणि ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती पाणी बाष्परूपाने राहू शकते, ते असे :

२०° से. तापमानास सुमारे १७ ग्रॅम
२५° से. तापमानास सुमारे २३ ग्रॅम
३०° से. तापमानास सुमारे ३० ग्रॅम
३५° से. तापमानास सुमारे ४० ग्रॅम

या मर्यादेस पोहोचलेल्या हवेस संपृक्त हवा म्हणतात. प्रत्यक्षात असलेले बाष्प मर्यादेच्या शेकडा किती आहे, हे सांगणाऱ्या संख्येस सापेक्ष आर्द्रता म्हणतात. हवा थंड करीत नेली असता ज्या तापमानास ती संपृक्त होते आणि दव पडू लागते, त्यास दवबिंदू म्हणतात.

या तीन कल्पनांतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मे महिन्यातील एका सकाळी तापमान २८° से. आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे समजा. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २४° से. येतो. त्याच दिवशी दुपारी तापमान ३७° से. आणि सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के झाली, तर दवबिंदू सुमारे २३° से. येईल. याचा अर्थ असा की, सकाळपासून दुपारपर्यंत हवेतील पाणी जवळजवळ तेवढेच राहिले. सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर आली, ती पाणी गेल्यामुळे नव्हे, तर हवा तापल्यामुळे. लाकूड, लोखंड, कातडे आणि बुरशी यांना मात्र सापेक्ष आर्द्रताच जाणवते.

येथून आपल्या विषयातील मुख्य सूत्र हाती येते. सापेक्ष आर्द्रता कमी करण्याचे दोन मार्ग आहेत : हवेतील पाणी काढून टाकणे, किंवा हवेस थोडी ऊब देणे. पाणी न काढता हवा थंड केली, तर सापेक्ष आर्द्रता वाढते. वरील उदाहरणातील सकाळची हवा २८ अंशांवरून २५ अंशांवर आणली, तर तिची आर्द्रता ८० वरून ९५ टक्क्यांवर जाईल. तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापविली, तर आर्द्रता सुमारे ६४ टक्क्यांवर येईल.

४. ओलाव्याचे वस्तूंवर होणारे परिणाम

लोखंड : लोखंड गंजण्यास त्यावर पाणी सांडावे लागत नाही. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की, सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांहून अधिक झाली म्हणजे, हवेत दूषित वायू अथवा कण असल्यास, गंजण्याचा वेग एकदम वाढतो. याचे कारण असे की, पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर साचतो. समुद्रकाठी ही स्थिती अधिक बिकट होते. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेस हवेतील पाणी ओढून विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओलावते. घामातही मीठ असते. म्हणून हाताळलेल्या पटाशीवर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात.

लाकूड : लाकूड हवेतून पाणी घेते आणि हवेस परत देते. आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्के राहिल्यास लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के होते. ६५ टक्क्यांस ते सुमारे १२ टक्के आणि ८० टक्क्यांस सुमारे १६ टक्के होते. पाणी वाढले म्हणजे लाकूड रुंदीत फुगते; लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. सागाची ३० सेंटिमीटर रुंदीची सपाट कापाची फळी १० टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली, तर तिची रुंदी सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ज्या कामात अर्धा मिलिमीटर चूक खपत नाही, तेथे याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. रुंद फळी खाचेत मोकळी बसवावी, चारी बाजूंनी चिकटवू नये, हा सुतारांचा जुना नियम यातूनच आला आहे.

कातडे, सरस आणि कागद : मृदंगाचे कातडे ओलाव्याने सैल पडते आणि स्वर उतरतो. जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला सरस दमट हवेत मऊ पडतो आणि सांधे सुटू लागतात. कागद फुगतो व लाटा धरतो. आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की या सर्वांवर बुरशी वाढू लागते. चेन्नईत डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत चालणाऱ्या संगीतमहोत्सवात वाद्यांना आणखी एक त्रास होतो. घरातील दमट हवेतून ती एकदम वातानुकूलित सभागृहातील कोरड्या हवेत जातात, आणि त्यांचे स्वर पुनःपुन्हा मिळवावे लागतात.

रोगण : दमट दिवशी लाखेचे पॉलिश किंवा लॅकर लावले असता पृष्ठभाग पांढुरका पडतो. त्यातील द्रावक उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली थंड होतो आणि त्यावर सूक्ष्म दव पडते. दवबिंदू जवळ असलेल्या दिवशी हे काम पुढे ढकलणे हाच उत्तम उपाय.

५. आधी मोजावे, मग खर्च करावा

उपाययोजनेपूर्वी आपल्या खोलीतील हवेचे मोजमाप किमान महिनाभर करावे. यासाठी पुढील साधे प्रयोग विद्यार्थ्यांनाही करता येतील.

प्रयोग पहिला : दोन सारखे तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याभोवती सुती कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोन्हींवर पंख्याचा वारा सोडून काही मिनिटांनी आकडे पाहावेत. ओल्या फुग्याचा तापमापक बाष्पीभवनामुळे कमी आकडा दाखवितो. कोरडा तापमापक ३०° से. दाखवीत असता दोहोंत २ अंशांचा फरक असल्यास आर्द्रता सुमारे ८६ टक्के, ४ अंशांचा असल्यास ७३ टक्के, ६ अंशांचा असल्यास ६१ टक्के आणि ८ अंशांचा असल्यास ५० टक्के समजावी.

प्रयोग दुसरा : चकचकीत धातूच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे तुकडे हळूहळू टाकावेत आणि तापमापकाने ढवळावे (तापमापक काचेचा असल्यास जपून). पेल्याच्या बाहेरील पृष्ठभाग ज्या तापमानास धुरकट होतो, तो दवबिंदू होय.

प्रयोग तिसरा : बाजारात मिळणारे आर्द्रतामापक स्वस्त असतात, पण ते कित्येकदा चुकीचे आकडे दाखवितात. त्यांची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याचे थोडे थेंब टाकून भिजवावे. विरघळू देऊ नये. हे झाकण व मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. २० ते ३० अंश तापमानास डब्यातील आर्द्रता ७५ टक्के होते. मापक जितका फरक दाखवील, तितकी दुरुस्ती पुढील वाचनांत करावी.

अशा नोंदी ठेवल्या असता एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. मे महिन्यातील दुपारी खोली ३४° से. तापलेली असते, माणूस घामाने डबडबतो. पण आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असल्याने हत्यारे तुलनेने सुरक्षित असतात. नोव्हेंबरातील पावसाळी दिवशी तापमान २५° से. असते, काम करणे सुखाचे वाटते. पण आर्द्रता ९० टक्के असते आणि गंज व बुरशी यांची चंगळ होते. अर्थात माणसाच्या सुखाचा महिना आणि हत्यारांच्या सुखाचा महिना हे एक नव्हेत. दोहोंसाठी उपायही वेगवेगळे योजावे लागतात.

६. गारवा आणि पाण्याचा निचरा

विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडतात आणि कूलर वापरतात. तेथे ४२° से. तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचा तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. म्हणून बाष्पीभवनाने हवा पुष्कळ थंड करता येते. चेन्नईत ३६° से. तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असताना तोच तापमापक २९ अंशांच्या वर असतो. तेथे कूलर लावल्यास हवा थोडीच थंड होईल, आणि खोलीतील आर्द्रता मात्र ८० टक्क्यांच्या पुढे जाईल. समुद्रकाठच्या कार्यशाळेत कूलर ठेवणे म्हणजे गंजास निमंत्रण होय.

वातानुकूलन यंत्राचे कार्य निराळे आहे. त्यातील शीतक नळ्या सुमारे १० अंशांपर्यंत थंड होतात. त्यांवर हवेतील बाष्प दवरूपाने जमते आणि नळीवाटे बाहेर वाहून जाते. म्हणजेच ते हवा थंड करते व कोरडीही करते. या यंत्राचा उगमच कार्यशाळेत झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील ओलाव्यामुळे कागद फुगत व आकसत असे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून जी योजना आखली, तिच्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानतात. प्रश्न माणसाच्या सुखाचा नव्हता, कागदाच्या ओलाव्याचा होता.

तथापि हे यंत्र वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली : खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र घेऊ नये. ते खोली चटकन थंड करून बंद पडते आणि पाणी काढण्यास त्यास वेळच मिळत नाही. दुसरी : तापमान अनावश्यक खाली नेऊ नये. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मूळ २४ अंशांवर ठेवून विकली जातात. पंखा जोडीला असेल तर कार्यशाळेस २६ अंश पुरेसे होतात. तिसरी : यंत्र बंद करून लगेच दारेखिडक्या उघडू नयेत. २४ अंशांपर्यंत थंड झालेल्या लेथवर बाहेरची २५ अंश दवबिंदूची हवा आली की त्यास अक्षरशः घाम फुटतो. अवजड यंत्रांवर आधी आच्छादन घालावे आणि ती खोलीबरोबर हळूहळू तापू द्यावीत.

केवळ ओलावा काढणारी यंत्रेही मिळतात. त्यांचा हिशेब पाहू. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. २८° से. तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असता त्या हवेत सुमारे ७८५ ग्रॅम पाणी असते. आर्द्रता ५० टक्क्यांवर आणण्यास त्यातील सुमारे ३०० ग्रॅम काढावे लागेल. हे काम अवघड नाही. परंतु फटींतून दर तासाला खोलीतील सर्व हवा एकदा बदलत असेल, तर दर तासाला तितकेच पाणी पुन्हा आत येईल. दिवसाकाठी सात लिटर! शिवाय बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते आणि ती, यंत्राच्या विजेसह, खोलीतच राहते. यास्तव यंत्र विकत घेण्यापूर्वी दारांच्या फटी बुजवाव्यात. त्यास लागणारा खर्च अत्यल्प असतो.

छताकडून येणारी उष्णता रोखणे हा गारव्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वरच्या मजल्यावरील खोलीचे छत चुन्याने किंवा परावर्तक रंगाने पांढरे केल्यास उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो. पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून छाया करावी. आतील पडद्यापेक्षा ती अधिक गुणकारी असते, कारण ऊन काचेतून आत येण्यापूर्वीच अडते.

७. उष्णतेचा उपयोग

चेन्नईसारख्या शहरात उष्णता देण्याचा उपाय सुचविणे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु संपूर्ण खोली नव्हे, तर लहान बंद पेटी उबदार ठेवणे हा हत्यारांच्या रक्षणाचा सर्वांत साधा मार्ग आहे. नोव्हेंबरातील २५ अंश व ९० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ३१ अंशांपर्यंत तापविली, तर आर्द्रता सुमारे ६३ टक्के होते. ३३ अंशांपर्यंत तापविल्यास ५७ टक्के होते.

६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच अशा प्लायवूडच्या पेटीत २५ वॅटचा तंतूचा दिवा सतत जळत ठेवला, तर आतील तापमान बाहेरपेक्षा सुमारे ६ ते ७ अंशांनी अधिक राहते. हल्लीचे एलईडी दिवे या कामास उपयोगी नाहीत, कारण ते फारच थोडी उष्णता देतात. अशा दिव्यास दिवसाला ०.६ युनिट म्हणजे महिन्यास १८ युनिट वीज लागते. पूर्ण भाराने चालणारे एक टनी वातानुकूलन यंत्र तेवढी वीज सुमारे १८ तासांतच खर्च करते. मोठ्या कपाटाचा पृष्ठभाग चौपट असेल तर उष्णताही चौपट लागेल. म्हणून पेटी लहानच असावी. तळाशी व माथ्याशी एकेक बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे वस्तूंतून निघालेले बाष्प बाहेर जाईल. दिव्याभोवती जाळी बसवावी, आणि पेटीत तेलकट चिंध्या, स्पिरिट किंवा रोगण कदापि ठेवू नये. वीणा, व्हायोलिन यांसारख्या सरसाने जोडलेल्या वाद्यांना ही ऊब देऊ नये. त्यांना पुढील उपाय योग्य.

हा उपाय म्हणजे सिलिका जेल. एक किलो जेल सुमारे ५० टक्के आर्द्रतेस २५० ग्रॅमपर्यंत पाणी धरते. मोकळ्या खोलीत ते तासाभरात निकामी होईल. पण २०० लिटरच्या बंद पेटीतील हवेत अवघे ४ ते ५ ग्रॅम पाणी असते. अशा पेटीत दोनशे ग्रॅम जेल पुष्कळ दिवस काम देते. मात्र आर्द्रतामापक आत ठेवावा आणि आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. अतिकोरडेपणानेही लाकूड तडकते. ओले झालेले जेल मंद आचेवर सुमारे १२० अंशांस तापविले म्हणजे पुन्हा वापरता येते.

उघड्या ज्योतीची शेगडी मात्र खोली सुकविण्यास कधीही वापरू नये. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला असता सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. त्याशिवाय बंद खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचे भय असते.

८. कारागिराचे शरीर

हत्यारांची व्यवस्था लागली तरी माणसाचा प्रश्न उरतो. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पंखा हवा थंड करीत नाही. तो घाम वाळण्यास साहाय्य करतो. खोलीचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, कमी असेपर्यंत तो निश्चितपणे उपयोगी पडतो. मे व जून महिन्यांत श्रमाचे काम सकाळी आटोपावे, दुपारी बैठे काम करावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवताच काम थांबवून गार जागी बसावे.

कोरडी राखलेली खोली म्हणजे बंद खोली, ही गोष्टही विसरू नये. रोगण, थिनर किंवा सरसाम्ल द्रावकांची वाफ अशा खोलीत साचते. ती फुप्फुसांस अपायकारक असते आणि ठिणगीने पेट घेते. लाकडाच्या बारीक भुशाचेही तसेच. ही कामे खिडक्या उघडून करावीत, मग त्या वेळी ओलावा आत आला तरी चालेल. आर्द्रता पुन्हा उतरविता येते. आरोग्य गेले की परत येत नाही.

९. वर्षाचा क्रम

जानेवारी-फेब्रुवारी : वर्षातील सर्वांत कोरडे दिवस. पहाटे २१ अंश व ८५ टक्के असलेली हवा दुपारी २९ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता सुमारे ५३ टक्के होते. दुपारी खिडक्या उघडाव्यात, संध्याकाळी मिटाव्यात. लाकूड खरेदी करून खोलीत रचण्यास आणि पॉलिशचे काम करण्यास हा काळ उत्तम.

मार्च ते जून : माणसास गारवा द्यावा. छत पांढरे करावे, छाया करावी. हत्यारांना तेलाचा हात पुरेसा होतो.

जुलै ते सप्टेंबर : सायंकाळच्या वळवासारख्या सरींचा काळ. पेट्यांची छिद्रे, दिवे व जेल तपासून ठेवावे.

ऑक्टोबर ते डिसेंबर : खरी परीक्षा याच काळात होते. खिडक्या उघडून खोली सुकत नाही, कारण बाहेरची हवाच दमट असते. हत्यारे उबदार पेटीत व वाद्ये जेलच्या पेटीत ठेवावीत. पाणी साचण्याचाही धोका असतो. डिसेंबर २०१५ मधील अतिवृष्टीत आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईचे अनेक भाग पाण्याखाली गेले. तळमजल्यावरील मोटारी, लाकूड व विजेची बटणे जमिनीपासून पुरेशा उंचीवर असावीत. भिजलेले लाकूड उन्हात किंवा विस्तवापाशी ठेवू नये. पट्ट्यांवर रचून, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात सावकाश वाळवावे. भिजलेले विजेचे यंत्र जाणकाराने तपासल्यावाचून चालू करू नये.

१०. समारोप

या विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. माणसास गारवा हवा असतो, वस्तूंना स्थिर आर्द्रता हवी असते. संपूर्ण खोलीची हवा बारा महिने जिंकू पाहणे लहान कारागिरास परवडणारे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. मोलाच्या वस्तूंसाठी लहान बंद जागा करावी आणि तेथील आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. माणसासाठी छाया, वारा आणि योग्य वेळ यांचा आश्रय घ्यावा. दोन तापमापक, मूठभर मीठ आणि एक वही एवढ्या सामग्रीवर या कामाचा आरंभ करता येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सकाळी व दुपारी हवेतील पाणी सारखेच असूनही सापेक्ष आर्द्रता का बदलते ?
२. नागपुरास उपयोगी पडणारा कूलर चेन्नईत किंवा रत्नागिरीत निरुपयोगी का ठरतो ?
३. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. ३०° से. तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असता त्यातील हवेत किती ग्रॅम पाणी असेल, ते काढा.
४. आपल्या गावी कोणत्या महिन्यात दुपारी खिडक्या उघडल्याने खोली कोरडी होईल ? एक महिनाभर दवबिंदूच्या नोंदी ठेवून उत्तर द्या.